कपड्यावरून पाहिलेली गाठ

पँटच्या उजव्या पायाला, शिवणीच्या कडेने, टाक्यांच्या भोकांची एक बारीक ओळ होती आणि तिच्याशेजारी आणखी एक – म्हणजे दोनदा उसवून दोनदा सैल केलेली. डाव्या पायाला मात्र मूळचीच शिवण – आणि डॉक्टरबाईंच्या मनात पाल चुकचुकली. टेलरमास्तर आले होते मुरगळलेल्या घोट्यासाठी. पण जन्मभर दुसऱ्यांची मापं घेणारा माणूस स्वतःचा एकच पाय का सैल करून घेतो?

"जाड झालो असेन," मास्तर म्हणाले.

"एकाच मांडीत?"

मास्तर हसले. तिला ते हसणं आवडलं नाही.

तिने पँट काढायला लावली, टेबलावर झोपवलं. उजव्या मांडीत एक गाठ होती. मांडी सैल असताना ती बोटांखाली जराशी सरकली; "आता आवळा मांडी" म्हटल्यावर मात्र जागच्या जागी रुतून बसली. म्हणजे कातडीखालची नाही... खोल, स्नायूतली. टेप लावली तर आठ सेंटिमीटर. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे गरीब गाय, असं मास्तर धरून चालले होते, आणि – खोटं कशाला बोला – थंडीत तिनेही तसंच धरलं होतं.

थंडीत. खोकल्यासाठी आले होते, बाहेर बाकावर मुंगीलाही जागा नव्हती, दाराच्या कडीवर हात ठेवून म्हणाले, जाता जाता ही गाठ बघता का... आणि ती उठली, उभ्याउभ्या कपड्यावरूनच दोन बोटांनी दाबली, "चरबीची आहे हो, काही नाही" म्हणाली, आणि केसपेपरवर लिहिलं नुसतं 'खोकला'. कोटावरून कोटाचं माप द्यायला कोणी आलं तर मास्तर त्याला हाकलून देतील. आणि मी? मी एवढी शिकलेली, मी पँटवरून गाठ पाहिली!

"मास्तर, ही साधी नसेलही. दोन दिवसांत सोनोग्राफी करा, मग मोठ्या रुग्णालयात जा. तिथे अशाच गाठी बघणारे डॉक्टर असतात."

"कॅन्सर?"

"असू शकतो. नक्की नाही. म्हणूनच घाई."

"मेव्हणा म्हणतो, त्याच्या ओळखीचा एक जण तासाभरात कापून देतो."

"मेव्हण्याला सांगा, स्वतःचं काहीतरी कापून घे. तपासण्या होईपर्यंत या गाठीला कोणी सुरी लावायची नाही. भलत्या ठिकाणी कापली तर पुढे पाय वाचवणं कठीण जातं."

ती चिठ्ठी लिहायला बसली. "गाठ किती दिवस आहे?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग पेनाकडे. "महिना झाला असेल."

महिना! दोनदा उसवलेल्या पँटचा महिना? विसरले... की मला सांभाळून घेताहेत... की बघताहेत बाई काय लिहिते ते? कोणी शिकवून तर पाठवलं नसेल? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. केसपेपरवर खोकल्याशिवाय अक्षर नाही, खोलीत तेव्हा तिसरं माणूस नव्हतं, आणि आता हा भला माणूस स्वतःहून महिना म्हणतोय – घ्यावा की लिहून! पण पुढचा डॉक्टर तोच महिना धरून विचार करणार होता, आणि पाय मास्तरांचा होता.

तिने लिहिलं – सात महिने. प्रथम मलाच दाखवली होती. मी कपड्यावरून पाहिली आणि चरबीची समजून सोडून दिली.

मास्तर समोरून उलटी अक्षरं वाचत होते. "हे कशाला, बाई? तुमचं नाव खराब होईल. मीच नीट सांगितलं नव्हतं."

"तुम्ही सांगितलं होतं, मास्तर."

ते घोट्यावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "तेव्हा नीट बघितली असती तर?"

"मला माहीत नाही," तिने सांगितलं.

मास्तरांनी चिठ्ठी घेतली, उजेडात धरली, सगळी पुन्हा वाचली, आणि इतक्या वर्षांत कधी नाही त्या आवाजात विचारलं, "ही तरी बरोबर आहे ना? की आणखी कोणाला दाखवू?"

एरवी अशा प्रश्नाने तिचं टाळकं फिरलं असतं. आता मात्र – किती वेळ ती या माणसाच्या हसण्यावर, बघण्यावर, बोलण्यावर संशय घेत होती, आणि त्याला तर आत्ता, या क्षणी, पहिल्यांदा संशय आला होता. तो तिचाच आला होता, आणि रास्त होता.

"दाखवा ना," ती म्हणाली, "हव्या त्याला दाखवा. पण याच आठवड्यात." त्यांनी दाखवावं असं तिला मनापासून वाटत होतं, आणि त्यांनी आपल्याकडे पूर्वीसारखं एकदा तरी बघावं असंही वाटत होतं.