गच्चीवरून दिसणाऱ्या कंपन्या

आमच्या ह्यांनी आयुष्यभराची पुंजी कुठे गुंतवायची ते गच्चीवर उभं राहून ठरवलं. गोष्ट २००३ सालच्या सप्टेंबरातली, गुजराती मुलखातल्या गोत्रीत, आमच्या घरची. हे, म्हणजे लक्ष्मीकांत, सत्तावीस वर्षं एका केमिकल कंपनीत बॉयलरवर होते. मार्चमध्ये कंपनीने स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म पुढे केला, ह्यांनी सही केली आणि साडेनऊ लाखांचा चेक घेऊन घरी आले. पेन्शन नाही. माझी शाळेतली नोकरी आणखी सहा वर्षं. पुढचं सगळं म्हातारपण त्या साडेनऊ लाखांवर काढायचं होतं.

"या पाच कंपन्या," कठड्यावर हात ठेवून ते म्हणाले. "ती रंगांची, ती खताची, पलीकडे क्लोरीनची, त्या पाण्याच्या टाकीमागे काचेची. आणि ही आपली. पाचही धुराडी इथून दिसतात. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं," मी म्हटलं. "पाचही एकाच गॅसवर चालतात ना? उद्या गॅस महागला की पाचही एकदम खोकायला लागतील."

मी गणिताची शिक्षिका. अंदाजपंचे उत्तर लिहिणाऱ्याचा मला मनापासून राग येतो, मग तो नवरा का असेना. माझं ठरलेलं होतं: ईटीएफ. प्रकार तसा नवा होता, पण साधा. निफ्टीतल्या पन्नासही कंपन्यांचा वाटा एका युनिटात येतो, शेअरसारखाच ब्रोकरकडून घ्यायचा, खर्च नाममात्र. घेऊन पंधरा-वीस वर्षं विसरून जायचं.

"म्हणजे उंधियूच की, सगळ्या भाज्या एकाच हंडीत," ते म्हणाले. "त्यातलं किडकं रताळंही आपल्याच ताटात."

"किडकं निघालं की निफ्टीतून काढतात आणि दुसरं घालतात. तुमच्या ताटात तर नुसती पाच रताळीच आहेत."

"शांती राख, निरुपमा. मी या कंपन्यांना आतून ओळखतो. तू नुसते कागद ओळखतेस."

हे मला लागलं. म्हटलं, ठीक आहे, कागदच तपासते. जवळच्याच अकोट्याच्या भास्कररावांकडे, म्हणजे ह्यांच्या जुन्या मित्राकडे, बाकीच्या चारही कंपन्यांचे थोडे थोडे शेअर होते. त्यांच्याकडून वार्षिक अहवाल मागून आणले. आमच्या कंपनीचा तर दरवर्षी घरीच यायचा, कारण ह्यांच्याकडे कधीकाळी मिळालेले दहा शेअर होते. तो न उघडताच रद्दीत जाई. मी लाल पेन घेऊन बसले आणि पेपर तपासावेत तसे पाचही तपासले. कर्ज किती, नफ्याचे पैसे खरोखर हातात येतात का, दहा वर्षांत वाढ किती, शेअरचा भाव नफ्याच्या किती पट. प्रत्येकी पंचवीस गुण. साठच्या खाली नापास.

रंग एक्केचाळीस, खत अडतीस, क्लोरीन बावन्न. काचेला मात्र अठ्ठ्याहत्तर.

"काचेची घ्यायला हरकत नाही," मी मोठेपणाने म्हणाले.

ते हसले. "तिथल्या कँटीनवाल्याने जूनमध्ये कंत्राट सोडलं. बिलं मिळेनात बिचाऱ्याला. ज्या कंपनीत चहा बंद होतो, तिथे काही खरं नाही."

मी चिडून पुन्हा अहवाल उघडला. विक्री वाढली होती, पण येणी दुप्पट झाली होती. माल गेला होता, पैसे आले नव्हते. मी विक्रीवरच भाळले होते. वाढीचे आणि हातातल्या पैशांचे मिळून बत्तीस गुण कापले, काचही नापास. चूक कबूल करणं माझ्या स्वभावात नाही, पण बरोबर उत्तराचे गुण मी कधी दाबून ठेवलेले नाहीत.

राहिली आमची कंपनी. तिला चौऱ्याहत्तर पडले होते. "घ्या, तुमची पहिल्या वर्गात पास," म्हणून मी अहवाल त्यांच्या हातात दिला. सत्तावीस वर्षांत त्यांनी तो पहिल्यांदाच वाचायला घेतला. चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून. एकोणिसाव्या पानावर बोट थांबलं.

मी वाकून पाहिलं. संचालकांनी लिहिलं होतं, की स्वेच्छानिवृत्ती योजनेमुळे कर्मचारी अकराशे चाळीसवरून सहाशे पस्तीसवर आले आणि आता दरवर्षी सात कोटींची बचत होईल. समासात माझा लाल शेरा होता: "छान!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या पाचशे पाच माणसांत माझा नवरा होता, आणि शेरा लिहिताना मला ते सुचलंसुद्धा नव्हतं.

"अहो, मी..."

"उत्तर बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहे."

"मग गुण कापू नकोस."

ते गच्चीवर गेले. मी मागोमाग गेले. उन्हं उतरली होती. कंपनीच्या धुराड्यातून पांढरा, पातळ धूर निघत होता.

"बॉयलर चांगला चाललाय," ते म्हणाले. मग खाकरून, शिफ्टची कामं वाटून द्यावीत तसं त्यांनी सांगून टाकलं, "आतून ओळखतो म्हणालो, पण हे कागदातच कळलं. आठ लाख तुझ्या उंधियूत. पण एकदम नाही हां, दर महिन्याला थोडे थोडे. एक लाख बँकेत, अडीनडीला. बराबर?"

"आणि उरलेले पन्नास हजार?"

"आपल्या कंपनीत. मी गेलो म्हणून ती पहिल्या वर्गात आली ना? मग पाचशे पाचांपैकी एकाला तरी त्याचा फायदा मिळू दे."

मला हसू आलं आणि रडूही आलं. खाली आल्यावर तो शेरा खोडायला मी पेन उचललं, तर त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"बाईंच्या शेऱ्याखाली पालकांची सही लागते," ते म्हणाले, आणि "छान!"च्या खाली त्यांनी ठसठशीत सही केली. मार्चमध्ये त्या फॉर्मवर केली होती, तीच.