चिमट्याने वेचलेला कांदा

डॉक्टरीणबाईंनी ठमी मांजरीचा ओठ वर करून दाखवला. हिरड्या पांढऱ्याफटक होत्या. काकूंचा हात तोंडावर गेला. त्यांचे यजमान, घड्याळं दुरुस्त करणारे काका, खिडकीबाहेर बघू लागले.

"रक्त खूप कमी झालंय. गेल्या काही दिवसांत वेगळं काही खाल्लं का? कांदा, लसूण? बेदाणे, चॉकलेट?"

"छे हो! तिचं खाणं मीच देते," काकू म्हणाल्या. "आणि हे तर तिला बोटही लावत नाहीत. एक तर ती राहील नाहीतर मी, असं वर्षभर ऐकतेय."

"काय खाल्लं ते कळलं तर उपचार आत्ता सुरू होतील. शोधत बसायला तिच्याकडे वेळ नाही."

काकांनी घसा साफ केला. "समजा, एखाद्या माणसाने मांजराला थोडं चिकन सूप दिलं..."

"कोणत्या माणसाने?" काकूंनी विचारलं.

"समजा म्हटलं ना!"

"सुपात कांदा होता?" डॉक्टर.

"होता. पण त्या माणसाने एकूण एक तुकडा वेचून काढला होता. चिमट्याने. डोळ्याला भिंग लावून."

काकू वळून बघतच राहिल्या. "म्हणून जेवण खाली दुकानात पाठव म्हणता होय? मला वाटलं, माझं तोंड बघवत नाही!"

"काका, कांदा शिजला की त्यातलं विष पाण्यात उतरतं. तुकडे काढून उपयोग नाही. मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात. किती दिवस देताय?"

"आठवडाभर. रोज छोटी वाटी." काका थांबले. "मोठी. तिला फार आवडायचं."

"शेजारीण म्हणत होती, मिठाचं पाणी पाजून उलटी करवा," काकू पुटपुटल्या.

"पाजलं नाहीत ना? त्यानं जीवच जायचा. असं काही पोटात गेलं की त्रास दिसायची वाट बघायची नाही, घरगुती उपाय करायचे नाहीत. लगेच फोन करायचा आणि काय, किती, कधी ते खरं सांगायचं."

ठमीला दवाखान्यातच ठेवून सलाइन आणि ऑक्सिजन लावला. दुसऱ्या दिवशी रक्ताची घसरण थांबली, पण ती खाईना. काकूंच्या हातातल्या नुसत्या उकडलेल्या चिकनकडे तिने पाठ फिरवली.

काका पिंजऱ्यापाशी उकिडवे बसले. चिकनचा एक धागा बोटावर घेतला. "बेचव आहे, मला ठाऊक आहे. पण खा गं बाई."

ठमीने बोट हुंगलं आणि तो धागा चाटूनपुसून खाल्ला.

"बरं का, उद्या दुकान बंद ठेवतो," काका मान वर न करता म्हणाले. "कोणी विचारलं तर माझी तब्येत बरी नाही म्हणून सांग."

"सांगते की," काकू म्हणाल्या, "मांजर जेवल्याशिवाय ह्यांच्या घशाखाली घास उतरत नाही म्हणून."