लेमचे नव्वद पौंड

लेमला पुरलं त्या दिवशी रेव्हरंड गेन्स यांनी प्रवचन गाऊन सांगितलं. आधी हळू, बोलल्यासारखं. मग एक पाऊल मागे रेलले आणि सूर असा उचलला की अख्खं चर्च उभं राहिलं. पोलादाच्या भट्टीवर काम करणारे बाप्ये लेकरांसारखे रडले. मी त्या सुरावरच वाढलो. एरवी पहिल्या हाकेलाच माझे डोळे भरतात. त्या दिवशी मी टाळ्या तालात वाजवल्या, 'आमेन' जिथल्या तिथे म्हटलं, आणि आत काहीच हललं नाही. ही फेब्रुवारीतली गोष्ट. जून आला तरी तसंच.

लेम माझा थोरला भाऊ. त्याच्यामागे शर्यतीची एक विलीस मोटार उरली, एक्केचाळीस सालची. पुढून उचललेली, नाक आभाळाकडे. लोक हसायचे, "लेम, तुझी गाडी चर्चच्या गायकवृंदातल्या बाईसारखी नाक वर करून चालते रे!"

लेम म्हणायचा, "हसा, हसा. गॅसचं पेडल दाबलं की वजन मागे जातं. नाक जितकं उंच, तितकं जास्त मागे झुकतं. मागच्या चाकांनी रस्ता चावला पाहिजे ना? टायर तर हे असे, साबणासारखे. आपले रेव्हरंडसुद्धा सूर उचलायच्या आधी मागे रेलतात."

हॅमंड गावच्या डेल्बर्टला ती गाडी हवी होती. रविवारी चर्च सुटल्यावर आम्ही नेहमीसारखे त्याच कपड्यांत जुन्या विमानपट्टीवर शर्यतींना गेलो, तर हा आधीच येऊन उभा. अर्नेस्टीनवहिनीला म्हणाला, "बाई, मी नेली की आधी नाक खाली करणार. आता टायर चांगले यायला लागलेत. बासष्ट साल आहे."

वहिनीने टोपीची पिन नीट केली आणि माझ्याकडे बोट केलं. "थॅड चालवेल आज. लेमच्या हातात पुढची चाकं जमीन सोडायची. आज सोडली तर गाडी घरी. नाही सोडली तर तू घेऊन जा. दारात नुसती उभी असलेली मला बघवत नाही."

मी बसलो. सीट मागे सरकवलेली होती, लेमच्या मापाची. झेंडा पडला, मी गॅस दाबला. मागची चाकं जागच्या जागी भिरभिरली, धूर झाला, आणि गाडी म्हातारीसारखी निघाली. पुढची चाकं जमिनीलाच चिकटलेली.

 संध्याकाळी आणखी एक फेरी मिळणार होती, तेवढी बाकी होती.

मला वाटलं, नाक आणखी चढवावं. स्प्रिंगांखाली लाकडाचे ठोकळे सारले. तपासणीवाले ओबेडकाका पट्टी घेऊन वाकले. "इंजिनाचा दांडा जमिनीपासून चोवीस इंच, हा नियम. त्याच्यावर नाही. लेमने बरोबर चोवीसला आणून ठेवला होता. काढ ते ठोकळे."

"मग उठत का नाही, काका?"

काकांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुझं वजन किती?"

"दीडशे पौंड."

"आणि लेमचं?"

"दोनशे चाळीस," वहिनी म्हणाली. "ते पण रविवारच्या जेवणाआधी."

नाक चोवीसवरच होतं. मागे नव्वद पौंड कमी पडत होते. भाऊ गेला म्हणजे नेमकं काय गेलं, ते मला चार महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी आकड्यात सांगत होतं. मी वाकून ठोकळे काढायला लागलो.

आमच्या ट्रकमध्ये एक मेलेली बॅटरी पडली होती, लेमने फेकायची म्हणून वर्षभर ठेवलेली. पंचेचाळीस पौंड. दुसरी हवी होती. डेल्बर्ट आपल्या ट्रकपाशी गेला आणि त्याने बॉनेट उघडलं.

"माझीच बॅटरी देऊन माझीच गाडी घालवतोय," तो म्हणाला. "आई म्हणायची ते खरंय, मी बिनडोक आहे."

"देव बघतोय, डेल्बर्ट," वहिनी म्हणाली.

"तो बघू दे. तुम्ही बॅटरी परत द्या म्हणजे झालं."

दोन्ही बॅटऱ्या डिकीत, मागच्या चाकांच्याही मागे ठेवल्या आणि वरून लोखंडी पट्टी टाकून बोल्ट आवळले. ओबेडकाकांनी हलवून पाहिल्या. "हं. जा."

झेंडा पडला. या वेळी गाडी आधी मागे बसली. मग समोरचा रस्ता गेला, मक्याची शेतं गेली, काचेत नुसतं आभाळ उरलं. किती वेळ, सांगता येणार नाही. मग चाकं धप्पकन खाली आली. शेजारची गाडी माझ्या पुढे निघून गेली होती. मी हरलो होतो.

परत आलो तर वहिनी हातपंखा तोंडावर धरून रडत होती, आणि हसतही होती. "सोडली रे! हातभर सोडली! घरी न्यायची."

मला आनंद व्हायला हवा होता. मी पाना घेतला आणि डिकीपाशी वाकलो.

"बॅटऱ्या काढू?"

"डेल्बर्टची दे. आपली राहू दे."

"मग पंचेचाळीस कमी पडतील, वहिनी."

तिने डोळे पुसले आणि माझ्या ढगळ कोटाकडे पाहिलं. "ते तू भर. दर रविवारी माझ्याकडे जेवायला यायचं. लेमच्या जागेवर बसायचं."

"बरं," मी म्हणालो, आणि पहिला बोल्ट सैल केला.