डिझेल पितंय कोण?

साहूजींनी तानाजीरावांना चोर म्हटलं ते खडीच्या भर यार्डात, चहाच्या वेळी, सगळे ड्रायव्हर हजर असताना.

"काए तानाजी, तेल बदल दओ, वाल्व बदल दओ, फिर भी टिपर इत्तो डीजल पी रओ! कऊँ बेच तो नईं रए?"

म्हणाले हसत हसत. पण हसून घातली म्हणून शिवीची ओवी होत नाही. बाकीचेही हसले; मालक हसला की हसावंच लागतं. तानाजीरावांच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. उभी हयात फौजेच्या गाड्या चालवल्या, शेवटची नेमणूक झाशीजवळच्या बबीन्याला झाली, म्हणून पुढे झाशीतच राहिले. त्या साऱ्या काळात सरकारी डिझेलचा थेंब ज्यानं घरी आणला नाही, तो या गिट्टीवाल्याचं डिझेल विकणार?

सीपरी बाजारातल्या घरी ते जेवलेसुद्धा नाहीत.

"सोडून द्या ती नोकरी," त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई म्हणाल्या. "पेन्शन आहे की."

"आज सोडली तर पकडला गेला म्हणून पळाला म्हणतील! आधी माझं नाव धुऊन निघू दे."

सकाळी त्यांनी टिपर थेट वर्कशॉपात घातला आणि दारातूनच तोंड सोडलं. तिथली इंजिनिअर होती अनुश्री. घर मराठी, वडील रेल्वेत, मुलगी झाशीतच वाढलेली. तेल आणि वाल्व तिनंच बदलले होते.

"पोरीबाळींच्या हाती गाडी दिली की हेच व्हायचं! बिघाड तुम्हाला सापडेना, आणि चोर कोण, तर मी!"

साऱ्या वर्कशॉपनं ऐकलं. अनुश्रीचे कान लाल झाले.

"काका, नाराज मत होइए. मी तुमच्यासोबत बसते. चलती गाडी में देखते हैं."

टिपर ऑटोमॅटिक होता, त्याला क्लचचं पेडलच नव्हतं. अशा गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिन त्यातलं तेल घुसळतं आणि त्या तेलाच्या जोरावर गिअरबॉक्स फिरतो. गाडीनं वेग धरला की आतला एक क्लच दोघांना एकत्र जखडतो, त्याला म्हणतात लॉकअप. या टिपरचा लॉकअप लागतच नव्हता. म्हणजे सपाट हायवेवरही इंजिन नुसतं ताक घुसळल्यासारखं तेल घुसळत बसे, तेल तापे आणि डिझेल फुकट जाई.

बबीना रस्त्याला लागल्यावर अनुश्रीनं गाडीच्या कंप्यूटरला टॅब जोडला. वेग चांगला होता, तरी लॉकअप लागेना. मागून एका बसनं हॉर्नचा सपाटा लावला.

"रोजचंच आहे हे," तानाजीराव करवादले. "मागे कोणी आला की बोंबलतोच. रीत म्हणून उरली नाही लोकांना."

अनुश्री टॅबकडे बघत होती. "काका, तुम्ही ब्रेक दाबताय?"

"मोकळ्या रस्त्यावर ब्रेक? मला काय काल लायसन मिळालंय?"

"पण यात ब्रेक चालू दाखवतंय. ब्रेकवर पैर असला की कंप्यूटर लॉकअप सोडून देतो."

"मग तुझा कंप्यूटर खोटारडा!"

ती वाकली आणि खाली बघितलं. उजवा पाय होता ॲक्सिलरेटरवर. आणि डावा, जन्मभर क्लचवर राहिलेला, या गाडीत क्लच सापडेना म्हणून ब्रेकच्या रुंद पेडलवर अलगद टेकलेला. गाडी अडण्याइतका भार नव्हता, पण ब्रेकचा स्विच लागायला आणि मागचे लाल दिवे पेटायला तेवढा पुरत होता.

"काका, एक काम करा. डावा पाय वर घ्या. मांडी घाला, जेवायला बसतो ना, वैसे."

"चालत्या गाडीत?"

"फक्त डावा. माझ्यासाठी."

चिडून त्यांनी पाय सीटवर दुमडला. थोड्याच वेळात इंजिनाचा सूर खाली आला, फेऱ्यांचा काटा उतरला, गाडी हलकी झाली. लॉकअप लागला होता. त्यांनी पाय खाली सोडला तसा तो आपोआप पेडलवर गेला आणि इंजिन पुन्हा गुरगुरलं.

तानाजीरावांनी टिपर कडेला घेतला. लाजेनं त्यांना कुठं बघावं कळेना. चोरी केली नव्हती हे सिद्ध झालं होतं, आणि सिद्ध व्हायला नको होतं तेही झालं होतं.

"मी स्विच खराब था असं सांगते," अनुश्री हळूच म्हणाली. "नवा टाकते. तुम्ही पाय सांभाळा. कोणाला कळणार नाही."

"म्हणजे मी खोटं बोलू?" ते उसळलेच. "चोर नाही हे दाखवायला खोटारडा होऊ? चल यार्डात!"

यार्डात पुन्हा चहा चालला होता. तानाजीराव खाली उतरले आणि परेडवर आल्यासारखे ताठ उभे राहिले.

"साहूजी, गाडी में कोई खराबी नहीं. मेरा बायाँ पैर ब्रेक पर रहता था, इसलिए डीजल ज्यादा लगा. गलती मेरी है."

कोणीतरी फिसकन हसलं. त्यांनी तिकडे बघितलंही नाही. ते अनुश्रीकडे वळले.

"आणि पोरी, सगळ्यांसमोर तुला घालून पाडून बोललो. सगळ्यांसमोरच सांगतो, चुकलो. माफ कर."

मग त्यांनी किल्ली काढून साहूजींच्या हातावर ठेवली.

"गलती मेरी थी, मैंने बोल दी. चोरी मेरी नहीं थी. वो आपने बोली थी."

साहूजींनी खांदे उडवले. "अरे छोड़ो यार. मजाक थो. जाओ, गरौठा की साइट को माल भरो."

"जिसे चोर समझते हो, उसे चाबी मत दो."

तानाजीराव हलले नाहीत. कोणाचा चहा पुढे सरकेना. साहूजींनी इकडेतिकडे पाहिलं, गळ्यातला गमछा ओढला आणि त्यात तोंड घालून पुटपुटले, "हमसे बोलबे में गलती भई."

"जोर से, साहूजी. चोर आपने जोर से बोला था."