रिकाम्या इमारतीची पत्रपेटी

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी पत्रपेटी, खोली नंबर चौदाची. सरकारी इमारतीच्या जिन्याखाली आम्ही अठरा जणी भिंतीवर ओळीने होतो. कारखान्यातून आले तेव्हा माझं दार गुपचूप उघडायचं. आता ते कुरकुरतं, आणि मीही कुरकुरते. ऐकून घ्या.

चौदा नंबरात शिवणकाम करणाऱ्या मावशी राहायच्या. तीस वर्षं त्यांची पत्रं मी सांभाळली. लेकीच्या नोकरीचं पत्र आलं, त्या दिवशी मावशींनी मला ओल्या फडक्याने लख्ख पुसलं. एरवी कौतुक म्हणाल तर शून्य. पोरं माझ्यात खडे कोंबायची.

मग सरकारी घरांच्या ऑफिसातून एक साहेब नकाशा घेऊन आले. ही इमारत पाडून मोठी बांधू, म्हणाले. जुने भाडेकरू आणि घरं विकत घेणारे नवे लोक एकाच जिन्याने ये-जा करतील. मावशींना ते पटलं. सगळ्यांनी सह्या केल्या. किल्ल्या जमा करून ऑफिसनेच त्यांना दूरच्या तात्पुरत्या खोल्यांत हलवलं.

आता अकलेचे दिवे बघा. नवं घर हवं तर महिन्याच्या आत होकार कळवा, नाहीतर हक्क गेला, असं पत्र ऑफिसने पाठवलं. आणि कुठे? माझ्याकडे! रिकाम्या इमारतीत! पोस्टमन बिचारा पत्ता बघून आम्हा अठरा जणींत एकेक पाकीट टाकून गेला. मला काय पाय फुटणार होते? डोकं आपटून घ्यावं, तर मी भिंतीलाच टांगलेली.

महिना उलटला. मावशी चौकशीला गेल्या, तर कारकून म्हणाला, पत्र गेलंय, उत्तर नाही, नाव कापलं. त्या तडक माझ्याकडे आल्या. फटीतून पाकीट दिसत होतं, पण किल्ली ऑफिसात. त्यांनी शिवणयंत्राच्या पेचकसाने माझे चारही स्क्रू काढले आणि काखेत मारून मला थेट साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"हे काय, मावशी?"

"माझा पत्ता. इथेच पाठवलं होतंत ना?"

साहेबांनी फटीतून पाहिलं. मग फाईल मागवून मावशींचं नाव परत लिहिलं. मावशी उठल्या नाहीत.

"अजून सतरा भिंतीवर आहेत. त्याही काढून आणू का?"

सतराही नावं परत लिहिली गेली. पण त्यातलं कोण आता कुठे राहतंय, हे अख्ख्या ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. मावशींनी एकेकाचा पत्ता तोंडपाठ सांगितला.

मित्रांनो, मला रंग लावा असं मी म्हणत नाही. गंजू दे मला. पण माणूस घरातून हलवलात, तर तो कुठे गेला एवढं तरी लिहून ठेवा.