कुलूपबंद फोनचं गिऱ्हाईक

“फोन चालू आहे, पण चालत नाही, म्हणजे काय हो?” फोन बघायला आलेल्या माणसाने विचारलं.

“चालतो. फक्त जुन्या कंपनीचंच सिम घेतो. दुसरं घातलं की ओळख दाखवत नाही.”

त्या माणसाने आपलं सिम पुन्हा खिशात टाकलं, पुढ्यातलं पाणीही न पिता चपला घातल्या आणि तो निघून गेला. आधी आलेलेही असेच गेले होते.

फोनचा मालक लिफ्ट दुरुस्त करायचा. कामावर सगळे त्याला ‘काका’ म्हणत, पण ते वयामुळे नव्हे. दर गोष्टीत ‘का? का?’ करायची त्याला खोड होती, त्यावरून. लिफ्ट बंद पडली की इतर मेकॅनिक ती चालू करून मोकळे होत. हा मात्र ती मुळात बंद का पडली ते कळेपर्यंत लिफ्टखालच्या खड्ड्यातून वर येत नसे. त्या खड्ड्यात जुन्या कंपनीची रेंज यायची नाही. एकदा तो खाली अडकला आणि दुपारभर हाका मारत बसला. वरची माणसं लिफ्ट बंद आहे म्हणून चरफडत जिन्याने जात-येत राहिली.

त्या संध्याकाळी बायकोने बजावलं, “कंपनी बदला, नाहीतर नोकरी बदला.”

नोकरी बदलण्यापेक्षा कंपनी बदलणं सोपं होतं. त्याने बदलली, नवा फोनही घेतला. पण जुना फोन जुन्या कंपनीकडून कराराने घेतलेला, आणि करार अर्ध्यावरच सोडलेला. कुलूप काढून घ्यायला तो कंपनीच्या दुकानात गेला.

“तुम्ही मधेच सोडलंत ना काका,” काउंटरवरची मुलगी म्हणाली, “आता मुदत संपल्यावरच लॉक निघेल.”

“का?”

“सिस्टिमच तशी आहे.”

“पण दंड तर भरला मी. मग सिस्टिम तशी का?”

मुलगी हसली. “हे आजवर कुणी विचारलंच नाही,” ती म्हणाली.

घरी येऊन त्याने फोन विकायच्या जाहिरातीत स्वच्छ लिहून टाकलं की फोन कुलूपबंद आहे, दुसरं सिम चालणार नाही. आता कोण कशाला येतंय, असं म्हणत बायकोने फोन कपाटात ठेवायला घेतला, तोच नव्या फोनवर एका बाईचा कॉल आला.

“पडदा फुटलेला नाही ना?” तिने विचारलं.

“नाही. कडेला एक ओरखडा आहे. पण ताई, लॉक आहे बरं का. वाचलंत ना?”

“असू दे लॉक. मला चालेल.”

“का?”

“बाजाराच्या कोपऱ्यावर मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे,” ती म्हणाली, “तिथे उद्या आणाल का?”

ज्यात हवं ते सिम घालता येणार नाही, असा फोन या बाईला हवा तरी कशाला? जेवताना त्याने बायकोला वेगवेगळ्या शक्यता ऐकवल्या. शेवटी ती म्हणाली, “उद्या समोरच बसणार आहे ती, तिलाच विचारा. आता जेवा.”

दुसऱ्या दिवशी बाई दुकानात आधीच येऊन बसली होती. शेजारी तिचा नवरा. त्याच्या गळ्याभोवती पातळ रुमाल होता आणि तोंड रस्त्याकडे. बाईच्या मांडीवर याच जातीचा एक फोन, काच पार चुरा झालेली.

“याचा पडदा गेलाय,” दुरुस्तीवाला म्हणाला. “आता हे मॉडेल निघत नाही, सुटा पडदा मिळत नाही. तुमचा काढून याला बसवायचा. आत सगळं जसंच्या तसं असणार.”

“म्हणजे तुम्हाला फोन नकोच आहे?” काकाने विचारलं.

“फोन घेऊन काय करू?” बाई म्हणाली. “यांचे निरोप आहेत माझ्या फोनमध्ये. आवाजातले. घशाच्या ऑपरेशननंतर यांना बोलता येत नाही.”

नवऱ्याने मान न वळवता हाताने ‘राहू दे’ अशी खूण केली.

“त्यांना हे पटत नाहीये. लिहून सांगतात, आवाज गेला तो गेला. हे बस स्टँडवर घोषणा करायचे. अजून त्यांच्याच लावतात तिथे. मी गेले होते ऐकायला.”

“मग आवाज आहेच की,” काका म्हणाला. “हा वेगळा का हवा?”

“तो माईकवरचा, दादा. सगळ्या गावाशी बोलायचा. मला घरातला हवाय.”

दुरुस्तीवाल्याने दोन्ही फोन उघडले. एरवी काकाने त्याला प्रश्न विचारून भंडावलं असतं, आत्ता मात्र तो नुसता वाकून बघत होता. बऱ्याच वेळाने काच उजळली. कडेचा ओरखडा काकाचा, पण खालून दिसणारा फोटो या दोघांचा.

बाईने एक निरोप लावला.

“अगं, येताना दाढीचा साबण आण,” दुकानात एक खणखणीत, जरा वैतागलेला आवाज घुमला. “मागच्या वेळचा नको, त्याला फेसच येत नाही. आणि रस्ता बघून ओलांड. तुझं लक्ष नसतं.”

नवरा रस्त्याकडेच बघत होता. पण त्याचे ओठ हलायला लागले होते, आवाजाच्या किंचित मागे राहून, आठवत आठवत. फेस न येणाऱ्या साबणापाशी त्याचे खांदे गदगदले. तो हसत होता. त्या हसण्याचाही आवाज नव्हता.

त्याने हात लांब करून स्वतःच पुढचा निरोप लावला.

“काय गं, कधीचा करतोय फोन. उचलत का नाहीस?”

बाईने पदराने काच पुसली.

“उचलला,” ती म्हणाली.