हिरवळीवरचा माणूस

कंपनीच्या फाटकापासून रस्त्याच्या वळणापर्यंत रांग लागली होती. कुणाच्या हातात फुलं, कुणाच्या कडेवर तान्हं मूल. एका म्हातारीला तर तिच्या मुलाने खुर्चीसकट उचलून आणलं होतं. आत काचेच्या इमारतीसमोर भलं मोठं लॉन. ते पार पिवळं पडलं होतं, आणि त्या पिवळ्याच्या मधोमध एक माणूस उमटला होता.

गर्द हिरवा माणूस. डोकं, खांदे, जुळवलेले पाय. उजवा हात आशीर्वादाला उचलावा तसा वर, पंजा उघडा. तेवढ्याच आकारात गवत बोटभर जास्त वाढलेलं.

"गवत कापता कापता गेला हो बिचारा."

"गेला कुठे? हा काय, इथेच आहे!"

तो बिचारा म्हणजे माझा दादा.

दादा आणि मी मिळून बागा सांभाळायचं काम करत होतो. घरांच्या, बँकांच्या, दवाखान्यांच्या. गवत कापायचं मशिन तो चालवायचा. रोपं, खतं आणि गिऱ्हाइकांचे फोन माझ्याकडे. शहराबाहेर आमचा जमिनीचा एक तुकडा आहे. तिथे आम्ही हिरवळ वाढवायचो, तिचे गालिचे कापून गुंडाळायचो आणि टेंपोतून नेऊन लोकांच्या अंगणात अंथरायचो. संध्याकाळी दादा घरी आला की वहिनी त्याला दारातच अडवायची. "डोक्यात किती गवत आहे ते बघा! आधी आंघोळ, मग लेकीचे लाड." आणि लेक, आमची चिमणी, तोवर त्याच्या पाठीवर चढलेलीही असायची.

त्या सकाळी कंपनीत पाहुणे येणार होते. लॉनला नुकतंच पाणी दिलेलं. ओल्या गवतात विजेचं मशिन नको, असं दादा म्हणाला. मॅनेजर म्हणाले, "पाहुण्यांना जंगल दाखवू का?" दादाने आणखी एक विचारलं. "साहेब, बाहेरच्या बोर्डाचा स्विच पूर्वी सतत पडायचा, वीज बंद व्हायची. आता पडतच नाही. काय केलंत?"

"दुरुस्त केला. चला, आटपा."

मी टेंपोतून कुंड्या उतरवत होते. मशिनचा आवाज अडखळला म्हणून वळून पाहिलं. दादा भिंतीजवळ कुशीवर पडला होता, गुडघे पोटाशी, मूठ मशिनच्या दांड्यावर आवळलेली. मी धावत जाऊन प्लग उपटला. तोवर उशीर झाला होता.

मॅनेजर म्हणाले, हृदय बंद पडलं. डॉक्टर म्हणाले, वीज अंगातून गेली आहे, तळहातावर खूण आहे. विजेच्या तपासणीचे अधिकारी घरी येऊन गेले. "बाईंनी तक्रार केली तर मला सगळी वायरिंग उघडता येईल," ते म्हणाले. वहिनी तयार होती. आणि ती तक्रार देणार, एवढ्यात हिरवळीवर माणूस उगवला.

त्याच्या मागोमाग महाराज आले. पांढरे कपडे, गळ्यात माइक. त्यांना कुणी बोलावलं ते कुणी विचारलं नाही, पण खुर्ची मॅनेजरांच्या केबिनमधली होती.

"अहो, माणूस कापला गेला, पण गवतासारखा पुन्हा फुटला!" महाराज गर्जायचे. "तो माझ्याशी बोलतो. म्हणतो, मी क्षमा केली! राग म्हणजे तण. उपटा! संशय म्हणजे तण. उपटा! प्रश्न म्हणजे..."

"तण!" गर्दी ओरडायची.

"उपटा!"

क्षमा कुणाला केली आणि कशाबद्दल, हे विचारायला कुणी उरलंच नव्हतं. सगळ्यांनी आपापले प्रश्न उपटून टाकले होते.

वहिनीला महाराजांनी बाजूला घेऊन सांगितलं, "बेटी, तू तक्रार केलीस तर त्याचा आत्मा तळमळेल. हे हिरवं रूप वाळून जाईल. त्याला दुसऱ्यांदा मारशील का?"

त्या दिवसापासून वहिनी रोज त्या आकाराशेजारी जाऊन बसू लागली. हळू आवाजात बोलायची. गॅस संपला, चिमणीचा दात पडला, तुमचा निळा शर्ट मी कुणाला देणार नाही. मी तक्रारीचं काढलं की नुसती नकाराची मान हलवायची.

"तुझे भाऊ आहेत ते. तुला कसं वाटत नाही ग?"

काय सांगू तिला? पहिल्या दिवशी मलाही तो दादाच वाटला होता. मी खाली वाकून त्या गवतावर हात ठेवला. ते गार होतं, मऊ होतं. क्षणभर वाटलं, असू दे. खोटं असलं तरी असू दे.

चिमणी माझा हात धरून उभी होती. ती म्हणाली, "आत्या, हे बाबा नाहीत."

"का ग?"

"बाबा एवढे उंच कुठे होते? आणि त्यांचं पोट कुठाय?"

मी हसले, आणि हसता हसता रडू आलं. खरंच की. दादा बुटका, गुबगुबीत. हा तर खांबासारखा सरळ! शिवाय तो पडला भिंतीजवळ, कुशीवर. हा उगवला फाटकासमोर, उताणा, येणाऱ्या-जाणाऱ्याला नीट दिसेल असा. आणि कडा कशा, कात्रीने कापल्यासारख्या. दादा गेल्यापासून या लॉनला कुणी खत दिलं नव्हतं. उपाशी गवतावर एकाच जागी युरिया टाकून पाणी मारलं, तर तेवढाच भाग गर्द होतो. लॉनवर खत सांडलं की असे हिरवे डाग पडतात, आणि गिऱ्हाइकं त्यावरून आमच्याशी भांडतात. हा डाग माणसाच्या आकाराचा होता, एवढंच.

पण हे नुसतं सांगून वहिनीने ऐकलं नसतं. गर्दीने तर मला तण ठरवून उपटलं असतं.

आमच्या तुकड्यावरची हिरवळही दुर्लक्षाने पिवळी पडली होती. चिमणीला मी तिथे झोपवलं. तिने एक हात कमरेवर ठेवला आणि दोन्ही वेण्या बाजूला ताठ पसरल्या. तिच्याभोवती दोरी लावली, तिला उठवलं, आत खत पेरलं आणि पाणी दिलं. पोरगी रोज शाळेतून आली की विचारायची, "मी उगवले का?"

उगवली. वेण्यांसकट.

तोवर बातमी आली की सोमवारी कंपनीत नवा माळी येणार. मशिन त्याच बोर्डावर लावणार. आता थांबणं शक्य नव्हतं. आम्ही हिरवळीचे पट्टे कापले, गुंडाळले, टेंपोत घातले आणि रविवारी भर गर्दीत कंपनीच्या फाटकाशी आणले. वाटलं, चौकीदार अडवेल. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने फाटक उघडलं.

महाराजांच्या खुर्चीपुढे आम्ही पट्टे अंथरले. पिवळ्या गवतात हिरवी मुलगी दिसू लागली. लोक बघायला पुढे सरकले. एका बाईने लगेच हात जोडले.

"पाहा!" महाराज कसलेले गडी, क्षणात सावरले. "आणखी एक निष्पाप जीव! कुणाचं लेकरू गेलं हो हे?"

"मी नाही गेले," चिमणी म्हणाली. "शाळेत गेले होते."

ती त्या आकारात जाऊन झोपली. कमरेवर हात, वेण्या वेण्यांवर. बरोब्बर बसली. मागून कुणीतरी हसलं, मग आणखी कुणी. हसू पसरत गेलं, पण वहिनीचा चेहरा दिसला तसं विरून गेलं.

मी मोठ्याने सांगितलं, "युरिया आणि पाणी. मंत्र नाही, आत्मा नाही. कुणाचाही आकार काढून देते. महाराज, झोपता का? तुम्हाला खत जरा जास्त लागेल."

"नास्तिक आहे ही!" महाराज ओरडले. "भावाच्या मरणाचा तमाशा करते!"

तेव्हा चौकीदार पुढे आला. तो म्हणाला, "तमाशा हिने नाही केला. साहेबांनी आणि या महाराजांच्या माणसाने पुठ्ठ्याचा साचा आणला होता. पाण्याचा पाइप मी धरला होता. गप्प राहिलो. मलाही घर आहे."

मॅनेजर केबिनकडे निघाले. महाराजांना एकाएकी दुसरीकडचा कार्यक्रम आठवला.

मला वाटलं होतं, वहिनी चिडेल, महाराजांच्या अंगावर धावून जाईल. ती हळूच उठली आणि तिने मला विचारलं, "मग ते कुठे पडले होते?"

मी तिला भिंतीजवळ नेलं. तिथे काहीच नव्हतं. वाळलेलं गवत आणि एक प्लॅस्टिकची पिशवी. ती त्या जागेकडे बघत उभी राहिली, आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली.

दुसऱ्याच दिवशी तिने तक्रार दिली. अधिकाऱ्यांनी बोर्ड उघडला. धोका झाला की आपोआप बंद होणारा तो स्विच वायरचा तुकडा टाकून निकामी केलेला होता. सारखा पडतो, कामात खोळंबा होतो म्हणून. एवढ्यासाठी माझा भाऊ गेला. नव्या माळ्याने मशिन लावण्याआधी बोर्ड बदलला गेला. मॅनेजरांवर खटला चालू आहे. महाराज मोकळे आहेत. कुठल्या तरी दुसऱ्या लॉनवर खुर्ची टाकून बसले असतील.

म्हणून सांगते. गेलेलं माणूस परत आल्याचं कुणी दाखवलं, तर हात जोडण्याआधी विचारा, ते गेलं कसं? ते परत आल्याने कुणाची सोय होते? दुःखात असं विचारणं फार जड जातं, मला ठाऊक आहे. तरी विचारा.

त्या दिवशी तक्रार देऊन आम्ही टेंपोतून घरी निघालो. चिमणी आमच्या दोघींच्या मध्ये झोपली होती. वहिनी तिच्या सुटलेल्या वेण्या बांधत होती.

मग म्हणाली, "तू केलंस ते बरोबरच केलंस."

मी टेंपोचा वेग कमी केला.

"पण तिथे बसून मी रोज त्यांच्याशी बोलत होते. आता कुठे बोलू?"

"घरी बोल," मी म्हटलं. "आम्ही ऐकू."

"तुम्ही ऐकाल ग," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत राहिली.